छातीतील महाधमनीचा फुगा : शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे आयुष्य

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त तुर्भे येथे झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण. बोलण्याच्या ओघात आले तसेच, थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



समितीच्या मंडळींनी मला सांगितले की ताई, तुम्ही हृदयविकारावर बोला. मी म्हटले, हार्ट अ‍ॅटॅकवर आता टी.व्ही.वर रोज कोणी ना कोणी बोलतच असते. पण मी ज्या वॉर्डात आयुष्य काढले तिथला एक आजार असा आहे की त्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेलेही नसते, आणि पहिल्यांदा ऐकायला मिळते तेव्हा घरातले माणूस स्ट्रेचरवर असते. त्या आजाराबद्दल मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी आय.सी.यू.मध्ये. कोणाला कोणती गोळी द्यायची ते ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतील. मी पाहिले आणि शिकले तेवढे सांगते.

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, तिला महाधमनी म्हणतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात महारोहिणी असा शब्द होता. दवाखान्यात सगळे एओर्टा म्हणतात. आपल्या नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते, त्याची मोठी जलवाहिनी असते आणि तिच्यातून फाटे फुटत फुटत पाणी आपल्या नळापर्यंत येते. तसेच हे आहे. हृदयातून निघून ही नळी आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते, त्या वळणावर डोक्याला आणि दोन्ही हातांना जाणारे फाटे निघतात, आणि मग ती पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. छातीत तिची रुंदी साधारण ३ सेंटीमीटर, म्हणजे जाडजूड अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. तिची भिंत तीन पदरी असते. हृदयाचा प्रत्येक ठोका आधी या भिंतीवर आदळतो. दिवसाचे लाखभर ठोके होतात, आणि वर्षानुवर्षे हे चालू राहते.

ही भिंत कुठे कमकुवत झाली की तिथे ती फुगायला लागते. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसा. त्यालाच एन्युरिझम म्हणतात. आता ट्यूबचा फुगा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. हा छातीच्या पिंजऱ्यात असतो. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. कधी कोणाचा आवाज बसतो, कोणाला गिळताना अडकल्यासारखे होते, कोणाला पाठीत दोन फऱ्यांच्या मधे सारखे दुखते. पण बहुतेकांना काहीच होत नाही. दुसऱ्याच कशासाठी एक्स-रे किंवा इको काढला आणि त्यात सापडला, असेच जास्त वेळा घडते.

फुगा का येतो, याचे एकच उत्तर नाही. वर्षानुवर्षे चढलेले ब्लडप्रेशर हे मोठे कारण. विडी-सिगारेट हे दुसरे. काहींच्या हृदयाच्या झडपेला जन्मतः तीन पाकळ्यांऐवजी दोनच असतात, त्यांची महाधमनीही कमजोर असू शकते. काही घराण्यांतच हा दोष येतो. जुन्या काळी गरमीच्या रोगाने, म्हणजे सिफिलिसने, म्हातारपणी असे फुगे यायचे, पेनिसिलीन आल्यावर ते फार कमी झाले. आणि आपल्या देशात एक वेगळा प्रकार आहे, त्यावर काम झाले ते आपल्या परळच्या के.ई.एम.मध्ये. तरुण माणसांच्या, विशेषतः तरुण बायकांच्या, मोठ्या धमन्यांच्या भिंतीला सूज येते. कुठे नळी अरुंद होते, कुठे फुगते. एखाद्या बाईच्या मनगटाला नाडीच लागत नाही आणि तिला वाटते अशक्तपणा आहे. जपानमध्ये ताकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०८ साली याची पहिली खूण डोळ्यात पाहिली, म्हणून जगात त्यांचे नाव चालते. पण तिकडे नळीचा वरचा भाग जास्त बिघडतो आणि आपल्याकडे छातीतला खालचा आणि पोटातला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ साली यावर पुस्तकच लिहिले. हेच ते डॉ. सेन, ज्यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के.ई.एम.मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पण महापालिकेच्या इस्पितळात, गोरगरिबांसाठी, छाती उघडून मोठ्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी माणसे त्या पिढीने तयार केली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर पुढे मुंबईभर पसरले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. फुगा वाढत गेला की दोनपैकी एक होते. एक तर तो फुटतो. किंवा भिंतीच्या आतल्या पदराला चीर पडते आणि रक्त दोन पदरांच्या मधे घुसून, गोधडीचे अस्तर उसवावे तसे भिंत उसवत खाली जाते. याला डिसेक्शन म्हणतात. नेहमीच फुगा मोठा असायला हवा असेही नाही, नुसत्या चढलेल्या प्रेशरनेही चीर पडू शकते.

एक घरची गोष्ट सांगते. नावगाव सांगणार नाही, आणि कोणाच्या ओळखीचे वाटले तर तसे समजू नका, कारण बाजारात अशी माणसे पुष्कळ आहेत. चाळिशीतला माथाडी कामगार. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती ती सहा महिन्यांपूर्वी बंद केलेली, कारण काय तर बरं वाटतंय. पहाटे ३ वाजता छातीत असं दुखलं की आतून काही फाडतंय. दुखणं छातीतून पाठीत गेलं. घाम फुटला. घरात म्हणाले गॅस झाला असेल, रात्री वडापाव खाल्ला होता. ओवा दिला, सोडा दिला. सकाळी जवळच्या दवाखान्यात ई.सी.जी. काढला, तो ठीक आला. अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन घेऊन घरी. दुखणे कमी झाले आणि संध्याकाळी पुन्हा उठले, या वेळी कमरेत, आणि डावा पाय गार पडला. आमच्याकडे आणला तेव्हा रात्रीचे ९ वाजले होते. उजव्या हाताचे प्रेशर आणि डाव्या हाताचे प्रेशर यांत खूप फरक. सी.टी. स्कॅनमध्ये हृदयापासून पायाच्या फाट्यापर्यंत चीर गेलेली. रात्रभर ऑपरेशन चालले. तो टेबलावरून परत आला नाही.

हे सांगायचे कारण त्याचा भाऊ आहे. आमच्या सरांनी नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगितले की याच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची इको तपासणी करा. लोक अशा वेळी ऐकतात कुठे? पण दिवस झाल्यावर त्या मयत माणसाची बायको स्वतः दिराला घेऊन आली. दिराची नळी ५.६ सेंटीमीटर निघाली. त्याला काहीच त्रास नव्हता, तो रोज पन्नास किलोच्या गोण्या वाहत होता. तो म्हणाला, भावाला तुम्ही टेबलावर घालवलंत, मी नाही येणार. तीन वेळा तारीख दिली, तीन वेळा आला नाही. चौथ्या वेळी वहिनीने त्याला रिक्षात घातला आणि आणला. ऑपरेशन झाले, तिसऱ्या दिवशी आय.सी.यू.तून बाहेर, अकराव्या दिवशी घरी. तोच वॉर्ड, तेच सर्जन, तीच आम्ही माणसे.

हा फरक नशिबाचा नाही, आणि तो आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत येल विद्यापीठात डॉ. एलेफ्टेरिएडिस आणि त्यांच्या गटाने शेकडो रुग्णांच्या फुग्यांची मापे वर्षानुवर्षे नोंदवली. २००२ साली त्यांनी सांगितले की फुगा ६ सेंटीमीटरच्या पुढे गेला की एका वर्षात चीर पडणे, फुटणे किंवा मृत्यू, यांतले काही ना काही घडण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १५ आहे. म्हणून वरच्या भागातला फुगा ५.५ सेंटीमीटर झाला की ऑपरेशन करावे असा संकेत आहे, आणि घराण्यात दोष असेल तर त्याही आधी. ठरवून केलेल्या ऑपरेशनात, हे काम नेहमी करणाऱ्या रुग्णालयांत, वरच्या भागासाठी शंभरातली ९५ हून जास्त माणसे घरी जातात, पुष्कळ ठिकाणी ९७-९८. आणि चीर पडल्यावर? जगभरातल्या मोठमोठ्या रुग्णालयांनी १९९६ पासून अशा रुग्णांची एकत्र नोंद ठेवली आहे. सुरुवातीच्या वर्षांत ऑपरेशन करूनही शंभरात २५ जण जात होते, पुढे सुधारत ते १८ वर आले. ज्यांचे ऑपरेशन होऊच शकले नाही त्यांतले निम्म्याहून जास्त गेले. हे सगळे अशा ठिकाणचे आकडे आहेत जिथे रात्री २ वाजताही अख्खी टीम उभी राहते. जुने पुस्तकी गणित होते की वरच्या भागात चीर पडली तर पहिल्या दोन दिवसांत तासाला शंभरातले एक-दोन दगावतात. अलीकडच्या नोंदींत ते तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले आहे. तरी हिशेब तासांचाच आहे.

हे ऑपरेशन म्हणजे करतात काय, हे पुष्कळ जण विचारतात. फुगलेला भाग कापून तिथे कापडाची नळी शिवतात. हो, कापडाचीच. ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डिबेकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नळीसाठी कापड आणायला एका मोठ्या दुकानात गेले. त्यांना नायलॉन हवे होते, ते संपले होते. दुकानातल्या माणसाने सांगितले, डेक्रॉन म्हणून नवीन कापड आले आहे. ते त्यांनी घरी आणले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवून पाहिल्या. आपल्या महिला मंडळातल्या ज्या भगिनी ब्लाउज शिवून घर चालवतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ते कापड इतके चांगले निघाले की आजही याच जातीच्या धाग्याच्या नळ्या वापरतात. त्याआधी मयत माणसाची धमनी काढून लावायचे, डिबेकींनी १९५३ मध्ये छातीतला फुगा काढला तेव्हा तशीच लावली होती. आणि त्याच्याही आधी तर फुग्याला बाहेरून सेलोफेन गुंडाळायचे! शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या महाधमनीच्या फुग्याला १९४८ साली असेच सेलोफेन गुंडाळले होते. १९५५ मध्ये तो फुटला आणि ते गेले.

डिबेकींचीच पुढची गोष्ट ऐका. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, घरी एकटेच भाषणाची तयारी करत बसले असताना त्यांच्या छातीत फाडल्यासारखे दुखले. त्यांना वाटले हार्ट अ‍ॅटॅक आहे, आणि त्यांनी कोणाला बोलावलेच नाही. निघाले डिसेक्शन, म्हणजे ज्या आजाराचे ऑपरेशन त्यांनी स्वतः जगाला शिकवले तोच आजार. मग ते ऑपरेशनला तयार होईनात. महिना उलटला, फुगा वाढत गेला, शुद्ध हरपत गेली. इस्पितळात वाद झाला की या वयात करावे की नाही. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच शिष्याने, डॉ. नून यांनी, सात तासांचे ऑपरेशन केले. कित्येक महिने ते इस्पितळात होते, पण पायावर उभे राहून घरी गेले, पुन्हा काम करू लागले आणि जुलै २००८ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही आपले दुखणे ओळखता आले नाही, तर आपल्या घरात कोणी गॅस म्हटले तर त्याला दोष कसा द्यायचा? पण आता तुम्हाला कळले आहे.

फुगा कुठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. हृदयालगत असेल तर कधी कधी झडपही बिघडलेली असते. मग झडप आणि नळी दोन्ही बदलतात, १९६८ साली लंडनच्या बेंटॉल यांनी ही रीत सांगितली म्हणून तिला बेंटॉल म्हणतात. झडप चांगली असेल तर ती ठेवून नुसती नळी बदलण्याची रीत टोरांटोच्या डॉ. डेव्हिड यांनी १९९२ मध्ये मांडली. वळणाचा भाग सगळ्यांत नाजूक, कारण मेंदूचे फाटे तिथूनच निघतात. तेव्हा रोग्याचे शरीर थंड करतात, एवढे की रक्ताभिसरण काही वेळ थांबवता येते. आम्हाला नवीन असताना ते पाहून धडकी भरायची. मॉनिटरवर सरळ रेष, आणि डॉक्टर शांतपणे शिवत आहेत. आता बहुतेक ठिकाणी मेंदूला वेगळ्या नळीने रक्त चालू ठेवतात, त्यामुळे तितके थंड करावे लागत नाही.

पाठीमागचा, खाली उतरणारा भाग मोठा असला आणि पोटापर्यंत गेला असला तर ऑपरेशन फार जड. कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणारे बारीक फाटे तिथूनच जातात. ते तुटले तर पाय जाऊ शकतात. ह्यूस्टनच्याच डॉ. कोसेली यांनी आपल्या ३,३०९ ऑपरेशनांचा हिशेब २०१६ मध्ये दिला. शंभरात सात-आठ जण दगावले आणि सुमारे तिघांचे पाय कायमचे गेले. हे जगातल्या सर्वांत अनुभवी हातांचे आकडे. म्हणून या रोग्यांच्या मणक्यात बारीक नळी घालून पाणी काढतात, प्रेशर जपतात, आणि शुद्धीवर आल्यावर आम्ही सिस्टर लोक पहिला शब्द बोलायचो तो नमस्कार नाही, कसे वाटते नाही. 'बाबा, पाय हलवा.' अंगठा हलला की अख्खा आय.सी.यू. श्वास सोडायचा.

याच खालच्या भागासाठी आता छाती न उघडता जांघेतून जाळीदार नळी आत सरकवण्याची सोय आहे. १९८७ साली खारकोव्हच्या डॉ. वोलोदोस यांनी ती पहिल्यांदा केली, १९९४ नंतर जगभर पसरली. म्हाताऱ्या, दमेकरी रोग्याला याचा मोठा आधार आहे. पण सगळ्यांना ती बसत नाही, खर्च मोठा, आणि पुढे सी.टी. करत राहावे लागते, कारण कडेने रक्त झिरपू शकते. खालच्या भागात नुसती चीर असेल आणि बाकी अवयवांचे रक्त चालू असेल तर पुष्कळदा औषधांनी प्रेशर उतरवूनच सांभाळतात. म्हणजे चीर म्हटली की ऑपरेशनच, असे नाही. वरच्या भागात मात्र ऑपरेशनच, आणि लगेच.

आता घरचे लोक जे विचारतात ते. माणूस ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस भलतेच बोलतो, सलाईन ओढतो, बायकोला ओळखत नाही. घाबरू नका, पुष्कळांचे होते आणि बहुतेकांचे उतरते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. तीन गोळ्यांचे ते फुंकण्याचे यंत्र देतात ते खेळणे नाही, दर तासाला ओढायचे, नाहीतर न्यूमोनिया होतो. छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर बादलीही उचलायची नाही. आणि त्यानंतरही जड गोणी नाही. श्वास रोखून, कुंथून वजन उचलले की त्या क्षणी प्रेशर किती तरी वर जाते, आणि कापडाची नळी लावली आहे ती थोड्याच भागात, बाकीची महाधमनी तीच जुनी आहे. आपल्या तुर्भ्यात हे बोलायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, हे मला कळते. बाजारात, दगडखाणीत, एम.आय.डी.सी.त पोट भरणारे लोक आपण. त्या धाकट्या भावाला त्याच्या टोळीने आणि मुकादमाने हिशेबाच्या कामावर घेतले. मजुरी कमी झाली, पण घर चालले. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच टोळीत बोलून ठेवावा, नंतर नाही. मी पाहिले आहे की ऑपरेशन फुकट झाले आणि पुढच्या सहा महिन्यांच्या उपासमारीने माणूस पुन्हा गोणीखाली गेला.

धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर. महिन्याला रक्त तपासायचे. गोळी विसरली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे. तरुण मुलीला झडप बसवायची असेल तर पुढे मूल हवे आहे का हे आधीच बोलायला हवे, कारण या गोळीने पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो. हे विचारायला घरचे लाजतात. तुम्ही लाजू नका. आणखी एक. मेडिकलमधून ताप-लघवीसाठी आपण सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय आणतो. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला की ज्यांना महाधमनीचा फुगा आहे किंवा होण्याचा धोका आहे त्यांनी दुसरा पर्याय असेल तर या गोळ्या टाळाव्यात. तेव्हा गोळी घेताना सांगा, मला फुगा आहे म्हणून.

ज्यांच्या घरात मूल फार उंच, हडकुळे, हातापायाची बोटे कोळ्यासारखी लांब, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली, लहानपणीच जाड भिंगाचा चष्मा, आणि घराण्यात कोणी तरुण माणूस अचानक गेलेले, त्यांनी त्या मुलाचा इको एकदा करावा. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली आणि नख करंगळीच्या बाहेर डोकावले तर ती एक खूण आहे. आता सगळ्यांनी मुठी मिटल्या का? असू द्या. सगळ्या उंच मुलांना हा दोष नसतो, आपली कबड्डी-व्हॉलीबॉलची पोरे उगाच घाबरवू नका. याला मार्फान म्हणतात. पूर्वी हे लोक तरुणपणीच महाधमनी फाटून जायचे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे १९७२ साली या रुग्णांतले निम्मे ४८ वर्षांच्या पुढे जगत नव्हते. १९९३ पर्यंत हेच वय ७२ वर गेले. जास्त करून हे घडले ते वेळेवरच्या ऑपरेशनाने, आणि प्रेशर-ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्यांनी. माझ्या मते वैद्यकशास्त्रात इतका उजेड पाडणारे आकडे थोडे आहेत.

पैशाचे सांगते, कारण सगळे तिथेच अडते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, छातीतल्या फुग्याच्या शस्त्रक्रिया यादीत आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जायचे. आधी विचारायचे की हे रुग्णालय योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन इथे होते का, कारण सगळीकडे होत नाही. योजनेत न बसणारे काही असेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवण्याचा नियम आहे. समाजसेवा अधीक्षकांना भेटायचे आणि कागद मागायचा, तोंडी 'नाही' ऐकून परत यायचे नाही. आणि रक्त. अशा ऑपरेशनला रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या पिशव्या पुष्कळ लागतात. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांमध्ये शिबिरात पोरे रांगा लावून रक्त देतात, त्यांची यादी फोन नंबरांसह विहारात ठेवली तर रात्री दोनला कोणाचे तरी काम होईल. समितीने हे मनावर घ्यावे, ही माझी जाहीर विनंती.

घरात कोणाला छातीत किंवा पाठीत एकदम फाडल्यासारखे दुखले, सोबत चक्कर, एका हाताला-पायाला मुंग्या किंवा गारवा, तर १०८ ला फोन करा. ई.सी.जी. ठीक आला तरी दुखणे खरे आहे. दोन्ही हातांचे प्रेशर घ्यायला सांगा, आणि सरळ विचारा, 'महाधमनीचे काही असेल का, सी.टी. करायचा का?' असे विचारल्याने कोणी डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तरी चालेल. हार्ट अ‍ॅटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन अशा रोग्याला दिले गेले तर घात होतो, म्हणून हा प्रश्न आधी विचारायचा.

आणि ब्लडप्रेशरची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नाही. बरे वाटते ते गोळीमुळे.

माझे बोलणे लांबले. मागच्या खोलीत दोन मुली प्रेशरचे यंत्र घेऊन बसल्या आहेत, दोघी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. चाळिशीच्या वरच्या सर्वांनी आणि ज्यांच्या घरात कोणी अचानक गेले आहे त्यांनी वयाची अट न पाहता जावे. पाच मिनिटे शांत बसा, मग दोन्ही हातांचे मोजून घ्या आणि आकडा चिठ्ठीवर लिहून न्या. महिला मंडळाने चहा केला आहे, पण तो मोजून झाल्यावर प्या. चहा घेऊन लगेच बसलात तर आकडा चढा येतो. जय भीम.